घराची शोभा, घरच्या हातांनी

पावसाळा सरतो, दसरा-दिवाळीचे दिवस जवळ येतात आणि चिटगुप्प्याच्या गल्लीबोळांतून भिजविलेल्या चुन्याचा वास येऊ लागतो. घरातील सामान ओसरीवर येते. वर्षभर ज्यांची कोणाला आठवण नव्हती अशा कितीतरी वस्तू उन्हात मांडलेल्या दिसतात. कोणी या खटाटोपाला साफसफाई म्हणतात, कोणी रंगरंगोटी. परंतु खरे पाहता तो गृहसजावटीचाच सोहळा होय, आणि तो पार पाडणारे कलावंत कोठून बोलावून आणलेले नसतात. घरातील गृहिणी, तिची सासू, मुले आणि सुट्टीच्या दिवशी हाती कुंचा घेणारा घरधनी, एवढेच त्याचे मानकरी.

अलीकडे मात्र सजावट या शब्दाचा अर्थ पालटू लागला आहे. घर सजवावयाचे म्हणजे शहरातून एखादा तज्ज्ञ आणावा, त्याने फीत लावून खोल्या मोजाव्या, रंगीत चित्रे दाखवावी आणि घरच्यांनी मान डोलवून त्याचा आकडा मान्य करावा, अशी समजूत पसरत आहे. हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर मुंबई-बंगळूरचे दिवाणखाने क्षणोक्षणी दिसतात, आणि त्यांच्याशी तुलना करताच स्वतःचे घर एकाएकी ओशाळवाणे वाटू लागते. तज्ज्ञांच्या विद्येला नावे ठेवण्याचे कारण नाही. इस्पितळे, सभागृहे, मोठ्या इमारती यांना त्या विद्येची गरज आहेच. प्रश्न आहे तो चार खणांच्या साध्या घराचा. त्या घरात कोण कोठे बसतो, कोणाला पहाटे खोकला येतो, कोणता कोपरा दुपारी तापतो, हे एका भेटीत येऊन जाणाऱ्या पाहुण्याला कसे कळावे?

चिटगुप्पा आज बीदर जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्याच्या इतर मोठ्या भागाबरोबर ते हैदराबाद संस्थानाच्या परंपरेतून म्हैसूर राज्यात गेले. तेच राज्य पुढे १९७३ साली कर्नाटक झाले. राज्ये बदलली तरी गल्लीतील बोली बदलली नाही. एकाच ओटीवर कानडी, मराठी आणि दखनी उर्दू सुखाने नांदतात. भिंतीतल्या दिवा ठेवावयाच्या जागेला एका घरी दिवळी म्हणतात, दुसऱ्या घरी गूडु म्हणतात, तर तिसऱ्या घरी ताक. नावे तीन असली तरी त्यात ठेवलेला दिवा एकच उजेड देतो. या भागातील जुनी घरे माळवदाची. जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडाची आडवी पाखाडी आणि सर्वांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात या घरांसारखा गारवा नाही. परंतु त्यांची दारे बुटकी, खिडक्या लहान आणि उजेड बेताचा. सजावटीचा प्रश्न येथे नेमका या अंधारातून सुरू होतो.

असे एक घर चिटगुप्प्यात आहे, अशी कल्पना करावी. घरधनी अडतीच्या दुकानात हिशेब लिहितो. घरात त्याची वृद्ध आई, पत्नी, लग्नाची मुलगी आणि दहावीत शिकणारा मुलगा. महिन्याने मुलीला पाहण्यासाठी सोलापूरचे पाहुणे येणार आहेत. घरधन्याला आपल्या सोप्याकडे पाहवेनासे झाले. भिंतींचे पोपडे उडालेले, जागोजागी जुन्या वर्षांची कॅलेंडरे, काचेच्या कपाटात बाहुल्या आणि प्लॅस्टिकची फुले यांची दाटी. आणि सोप्यातील एकुलत्या एक मोठ्या खिडकीशी म्हाताऱ्या आईची बाज. कोणा ओळखीच्याने सजावट करणाऱ्या एका कारागिराला पाठविले. त्याने पाहणी करून सांगितले, की भिंतींना लाकडी पत्रे ठोकावे, तुळयांखाली पांढरे खोटे छत बसवावे, त्यात दिवे लपवावे, नवा सोफा घ्यावा आणि म्हातारीची बाज मागच्या खोलीत न्यावी. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी साठविलेली रक्कम त्याने सांगितलेल्या आकड्यात संपत होती, आणि वर थोडे कर्जही काढावे लागणार होते.

रात्री जेवणे उरकल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, पाहुणे भिंती पाहायला येणार आहेत की माणसे?”

घरधनी म्हणाला, “माणसे भिंतींच्या आतच बसलेली असतात ना!”

त्याचेही सर्वस्वी चुकले होते असे नाही. पाहुण्यांपुढे घर नीटनेटके असावे ही इच्छा पोकळ डौलाची नव्हे. ती आतिथ्याची इच्छा आहे. इतक्यात खिडकीजवळून आईचा आवाज आला, “बाळा, माझी बाज ने मागे. मला तसेही दिसते कुठे?”

या वाक्यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पत्नी म्हणाली, “आत्याबाईंची बाज हलायची नाही. मला आठ दिवस द्या आणि पैसे तेवढे जिथल्या तिथे राहू द्या.”

त्या आठ दिवसांत त्या घराने जे केले ते कोणत्याही घराला करता येण्यासारखे आहे.

पहिल्या दिवशी सोपा रिकामा झाला. सजावटीची सुरुवात वस्तू आणण्याने होत नाही, वस्तू बाहेर काढण्याने होते. हा नियम समजून घेण्यासाठी बीदरच्या माणसाला परदेशी जावे लागत नाही. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या तुकतुकीत दगडात शिंपल्याचे नाजूक जडावकाम आहे. सोळाव्या शतकातील बरीदशाही राजा अली बरीद याच्या काळाशी ते निगडित आहे. शिंपला तेथे चमकतो, कारण त्याच्या भोवतालचा दगड काळा आणि मोकळा आहे. बिदरीकामाचे रहस्यही हेच. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात आणि शेवटी जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने भांडे काळे करतात. माती धातूला काळा करते, चांदीला मात्र बाधत नाही. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. सर्वच भांडे चांदीने मढविले असते तर ती नक्षी कोणाच्या डोळ्यांत भरली नसती. दारापुढच्या रांगोळीचेही तसेच आहे. आधी अंगण झाडून सारवून स्वच्छ करतात, मग त्यावर पांढरी रेघ उठून दिसते. मोकळा पट ही सजावटीतली पहिली गोष्ट आणि दागिना ही दुसरी.

या घरातही आहेरात आलेली बिदरीची एक लहानशी सुरई होती. कपाटातल्या बाहुल्यांच्या मागे ती कित्येक वर्षे दडलेली होती. गृहिणीने सर्व वस्तूंचे तीन भाग केले. रोज लागणाऱ्या, आठवणीसाठी जपावयाच्या, आणि केवळ टाकवत नाहीत म्हणून राहिलेल्या. तिसरा भाग सर्वांत मोठा निघाला, हे सांगावयास नकोच. भिंतीवरून सात वर्षांची कॅलेंडरे उतरली. देवादिकांची चित्रे असल्याने ती फेकण्याचे धाडस कोणास होईना. शेवटी चांगली दोन चित्रे चौकटीत घालून देवघरात गेली आणि बाकीची नदीत न सोडता कागद म्हणून जपून बांधून ठेवली.

सोपा रिकामा झाला आणि मुलाने सहज वर पाहिले. खिडकीकडच्या तुळईचे भिंतीत शिरलेले टोक भुसभुशीत दिसत होते. काठीने टोचताच भुसा गळला. वाळवी! कॅलेंडरे आणि कपाट यांच्या आड इतके दिवस ते कोणाला दिसले नव्हते. खोटे छत बसविले असते तर पुढेही दिसले नसते. त्या पांढऱ्याशुभ्र छतावर लपलेले दिवे लागले असते, आणि त्यावर ती तुळई मुकाट्याने कुजत राहिली असती.

या गोष्टीचे महत्त्व या मुलखातील माणसास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप झाला. ते गाव चिटगुप्प्याहून फार दूर नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. माळवदाची माती पावसात वाहून जाते, म्हणून दरसाल वर नवी माती टाकण्याची रीत आहे. जुनी न काढता नवी टाकीत गेल्यास थर चढत जातो, आणि गारवा देणारे छप्परच घराचा भार होऊन बसते. यास्तव सजावट करू इच्छिणाऱ्याने आधी वर पाहावे. तुळयांची टोके, भिंतींतील उभ्या भेगा, फुगलेले दगड, छतावरील मातीची जाडी यांची तपासणी करावी. आणि हे काम मात्र स्वतः करू नये. कोणता पडदा लावावा हे घरच्यांनी ठरवावे. कोणती तुळई बदलावी हे जाणत्या सुताराने आणि गवंड्याने पाहावे, आणि भिंतीविषयी शंका असल्यास अभियंत्याला विचारावे. तसेच जुन्या भिंतीत हौसेने नवे कोनाडे फोडू नयेत, आणि विजेच्या तारा घरच्या घरी जोडू नयेत. घरच्या हातांची मर्यादा ओळखणे हादेखील त्या हातांचा शहाणपणाच आहे.

घरधन्याने साठविलेल्या पैशांतला काही भाग काढला आणि सुतार बोलावला. तुळईखाली आधार देऊन कुजलेला भाग काढण्यात आला आणि नवे लाकूड बसले. माळवदावरचा जास्तीचा थर उतरविण्यात आला. मुलीच्या पाहण्याच्या कार्यक्रमासाठी झालेला हा खर्च पाहुण्यांना कधीच दिसणार नव्हता. पण त्या रात्री घरातली सर्व माणसे निश्चिंत झोपली.

मग भिंतींचा प्रश्न आला. मुलीला गडद तैलरंग हवा होता. परंतु माती-चुन्याच्या जुन्या भिंतींत ओल मुरते आणि हवेबरोबर निघूनही जाते. तिच्यावर तैलरंगाचा किंवा सिमेंटच्या गिलाव्याचा बंद थर दिला, की ओल आत कोंडते आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुन्यासारखा सोबती नाही. कळीचा चुना भांड्यातल्या पाण्यात हळूहळू सोडावा आणि निदान दोन दिवस मुरू द्यावा. भिजताना तो उकळतो, अंगावर उडाला तर भाजतो आणि डोळ्यांत गेला तर डोळ्यांस इजा होते. म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि हाताला फडके गुंडाळावे. मग तो कापडातून गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. भिंत आधी पाण्याने भिजवावी. पहिला हात उभा आणि तो सुकल्यावर दुसरा आडवा असे दोन पातळ हात द्यावे. एकच जाड हात दिला तर तो पुसताना हाताला लागतो. चुना सुकतो तो केवळ पाणी उडून नव्हे. हवेतील कर्बवायू शोषून घेऊन तो पुन्हा चुनखडीचा दगड बनतो, आणि म्हणून टिकतो.

जुना तैलरंग खरवडणाऱ्यांनी मात्र एक दक्षता घ्यावी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. भारत सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असे ठरविले, आणि हे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. तो ओला करूनच काढावा आणि त्या वेळी मुलांना घराबाहेर ठेवावे. नवा रंग घेताना डब्यावर शिशाविषयीचा उल्लेख वाचून घ्यावा.

चुन्याची भिंत सुकली तेव्हा सोप्यात कोणी नवा दिवा लावला आहे की काय, असे वाटू लागले. खिडकीतून येणारा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडून माघारी फिरत होता. अंधाऱ्या घरात खिडकीसमोरची भिंत सर्वांत फिकी ठेवावी, हा एवढाच त्यातला मंत्र. मुलीची हौस वाया गेली असे नाही. भिंतींच्या तळाशी वीतभर रुंदीचा गेरूचा पट्टा तिने स्वतः ओढला. त्यामुळे झाडताना उडणारी धूळ दिसेनाशी झाली आणि पांढऱ्या भिंतीला काठ लाभला. लुगड्याला काठ असतो तसा.

जमिनीवर शहाबादी फरशी होती. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या खाणींतून निघालेली ही फरशी मुंबई-पुण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत मराठी माणसाच्या पायांखाली आहे. चिटगुप्प्याला तर ती शेजारचीच. असे असून ती झाकून वर चकचकीत लाद्या बसविण्याची हौस वाढत आहे. या घरची फरशी काळवंडली होती, आणि शेजारणीने ती ॲसिडने धुण्याचा सल्ला दिला होता. तो मानला नाही हे बरे झाले. शहाबादी फरशी ही चुनखडीच्या जातीची. ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी ती खाल्ली जाते, वरचा गुळगुळीतपणा जातो आणि मळ अधिकच धरू लागतो. सौम्य साबणाचे पाणी आणि काथ्याचा ब्रश यांनी दोन-तीन वेळा घासल्यावर तिचा निळसर राखी रंग वर आला. सांध्यांतील माती कोरून काढून त्यांत सिमेंट भरले. खर्च एका पिशवीचाही झाला नाही.

आता कापडाची पाळी आली. ट्रंकेच्या तळाशी आजीच्या हातची वाकळ होती. कानडी घरांत तिलाच कौदी म्हणतात. घरातल्या तीन पिढ्यांची लुगडी आणि धोतरे तिच्यात टाक्याटाक्यांनी एकत्र नांदत होती. ती धुऊन उन्हात वाळवून आजीच्या बाजेवर पसरली. जुन्या लाकडी बाकावर सोलापुरी चादर आली. मुलीने गुळेदगुड्डच्या खणाचे दोन तुकडे उशांच्या अभ्र्यांना मधोमध जोडले. चोळीच्या खणाने घराच्या खणाला शोभा आणली, असा विनोद घरधन्याने केला आणि त्यावर आठवडाभरात प्रथमच सगळे हसले. कापडे निवडताना एवढेच पाहिले, की एका नजरेत येणाऱ्या जागेत ठळक रंग दोन किंवा तीनच असावेत. वाकळीतला तांबडा रंग उशीत आला, आणि गेरूच्या पट्ट्यात होताच. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी केलेल्या वस्तू त्यामुळे एका कुटुंबातल्या वाटू लागल्या.

स्वतःच्या हातांनी घर सजविणे ही पैशांअभावी करावी लागणारी तडजोड होय, असे ज्यांना वाटते त्यांनी सोनाबाई रजवार यांचे चरित्र ऐकावे. आजच्या छत्तीसगढमधील सरगुजा भागात पुहपुत्रा नावाचे खेडे आहे. तेथे एकाकी घरात राहणाऱ्या या बाईंनी आपल्या लहान मुलासाठी मातीची खेळणी घडविता घडविता सबंध घरच घडविले. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर मातीचा लेप देऊन त्यांनी जाळ्या केल्या. त्या जाळ्यांनी ऊन अडविले आणि वारा आत येऊ दिला. जाळीच्या खिडक्यांत पक्षी, माणसे आणि जनावरे बसविली आणि घरी केलेल्या रंगांनी ती रंगविली. कोणी शिकविले नव्हते, कोणी पाहावयास येत नव्हते. १९८३ साली भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलेचा शोध घेणारे लोक तेथे पोचले तेव्हा जगाला त्या घराचा पत्ता लागला. पुढे सोनाबाईंना राष्ट्रीय सन्मान लाभला आणि त्यांची कला परदेशी गेली. २००७ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या त्या जाळ्या पाहणाऱ्याला नुसत्या सुंदर वाटतात. त्या घरात राहणाऱ्याला मात्र त्यांनी सावली दिली. सोय आणि शोभा या दोन सख्ख्या बहिणी आहेत, हे ज्या घराला उमगले त्या घराला वेगळा सजावटकार लागत नाही.

चिटगुप्प्याच्या त्या घरात आता दिवळ्या तेवढ्या उरल्या होत्या. सोप्यात त्या तीन. पूर्वी त्यांत औषधाच्या बाटल्या, तुटके कुलूप, विजेची बिले आणि खिळ्यांचा डबा असा संसार मांडलेला असे. त्यांतली एक सायंकाळच्या दिव्यासाठी राखली. दुसरीत आजीचा चष्मा, पाण्याचा तांब्या आणि औषधे राहिली, कारण ती तिच्या हाताच्या अंतरावर होती. तिसरीच्या आतल्या बाजूला नुसता चुना देऊन तीत ती काळी बिदरीची सुरई एकटी ठेवली. तिच्या शेजारी काहीही ठेवावयाचे नाही, असा हुकूम मुलाने सुटला. घरातील छायाचित्रे पूर्वी चार भिंतींवर छताजवळ टांगलेली होती, इतकी उंच की दिवंगतांना आदराने विसरता यावे. ती सर्व खाली उतरवून एकाच भिंतीवर बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर ओळीने लावली. आजोबांचा चेहरा नातवाने प्रथमच नीट पाहिला. आपले कान त्यांच्यासारखे आहेत, असा शोध त्याला लागला.

राहिला खिडकीचा आणि बाजेचा प्रश्न. ज्या बाजेसाठी हा सर्व वाद निघाला ती खिडकीशीच राहिली. वयाबरोबर डोळ्यांची बाहुली लहान होते, भिंगावर पिवळसर छटा येते आणि वृद्ध माणसाला तरुणापेक्षा कितीतरी अधिक उजेड लागतो. घरातील सर्वांत उजेडाची जागा सर्वांत वृद्ध माणसाला द्यावी, हे शास्त्रही आहे आणि संस्कारही. मुलाच्या अभ्यासाचे मेज खिडकीच्या दुसऱ्या अंगाला अशा रीतीने मांडले, की उजेड डाव्या बाजूने यावा आणि लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर पडू नये. खिडकीखाली फुटक्या घागरीत मोगरा लावला. भांडी विसळलेले पाणी त्याला पुरते. आठव्या दिवशी मुलीने उंबऱ्याबाहेर रांगोळी काढली. ती लहानच होती, आणि तिच्या भोवती पुष्कळशी मोकळी जमीन होती.

घरोघरी सणांचे दिवस निरनिराळे असतात. कोणाच्या दारी दिवाळीचा आकाशकंदील टांगतात, कोणाच्या घरी ईदेच्या आधी पडदे धुतले जातात, कोणी नाताळात कामट्यांचा आणि कागदाचा तारा करून ओसरीवर लावतात. पण त्यांत एक गोष्ट समान आहे. कंदील बाजारातून आणला तर मुले त्याच्याकडे दोन दिवस पाहतात. घरी केला तर त्याचा एक कोन वाकडा होतो, आणि तो वाकडा कोन कोणाच्या हातून झाला यावर वीस वर्षांनंतरही घरात हसणे होते. चिटगुप्प्याची मुले शिकून हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला जातात. जुन्या घरांना कुलपे लागतात. ज्या भिंतीला आपण कधी हात लावला नाही तिची ओढ दूर गेल्यावर वाटत नाही. ज्या भिंतीच्या तळाशी आपण गेरूचा पट्टा ओढला ती मात्र परक्या गावीही आठवते. घर सजविण्याचे काम मुलांच्या हाती देण्यामागे हा एक दूरचा हिशेब आहे.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. मुलाची आई बाकावर न बसता सरळ आजीच्या बाजेवर जाऊन टेकली, आणि वाकळीवरून हात फिरवीत कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे विचारू लागली. आजीला एवढी श्रोती पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती. तिला दिसत कमी होते, पण टाके बोटांनी वाचता येत होते. पाहुण्यांपैकी कोणीही वरच्या नव्या तुळईकडे पाहिले नाही. घरधन्याने मात्र चहा देता देता दोन वेळा पाहिले. सोयरीक जमली की नाही, हा प्रश्न गृहसजावटीच्या कक्षेबाहेरचा आहे. मुलाच्या शिक्षणाची उरलेली रक्कम जागच्या जागी होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

येत्या सणाला ज्यांना घर सजवावयाचे आहे त्यांनी बाजाराची वाट धरण्यापूर्वी एक सुट्टीचा दिवस काढावा. एक खोली पूर्ण रिकामी करावी. मग मध्यभागी उभे राहून प्रथम वर पाहावे, नंतर खिडकीकडे पाहावे आणि शेवटी घरातले सर्वांत वृद्ध माणूस व सर्वांत लहान मूल कोठे बसते ते पाहावे. काय आणावयाचे, काय काढावयाचे आणि कोणाला कोठे जागा द्यावयाची, हे ती रिकामी खोली आपण होऊन सांगू लागेल. मग चुना भिजत घालावा.